वायंगणातला गेंद

माझ्या आडनावाला एक वनस्पती चिकटलेली आहे. म्हणजे असं, की एखाद्या नव्या जातीचं वर्णन जो पहिल्यांदा छापतो त्याचं आडनाव त्या जातीच्या लॅटिन नावामागे कायमचं लागतं. जगात कुठेही, कुणीही, ते नाव पूर्ण लिहिलं की शेवटी मी येतो. सत्काराच्या कार्यक्रमात निवेदक हे रंगवून सांगतो, टाळ्या पडतात, शाल-नारळ मिळतो. या अंकाच्या संपादकांचाही तीनदा फोन आला. 'सर, त्या शोधाची गोष्ट लिहा. आपल्या माणसांना अभिमान वाटेल असं.' दोनदा मी टाळलं. तिसऱ्यांदा म्हटलं, लिहितो, पण अभिमानाचं काही जमेल असं वाटत नाही. त्यांना वाटलं, मी विनय करतोय.

विनय कसला डोंबलाचा! ती वनस्पती आज जिवंत आहे की नाही हेच मला माहीत नाही. जिथे सापडली तिथे नाही, एवढं नक्की माहीत आहे. आणि तिथे ती नाही याचं कारण दुसरंतिसरं कुणी नसून मी आहे. हे एकदा कुठेतरी छापून यायला हवं होतं, म्हणून लिहायला बसलो.

गावाचं नाव सांगत नाही. आचऱ्याहून मिठबावकडे जाताना, समुद्रापासून फार आत नाही, इतकं पुरे. नाव सांगितल्याने आता काही बिघडणार नाही, बिघडायचं ते बिघडून गेलं. पण ज्यांच्या शेतात ती सापडली त्या घराला उगाच त्रास नको.

आमचा धंदा काय ते आधी सांगतो. मी तीसेक वर्षं तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. शिकवणं पोटासाठी. खरा नाद झाडं ओळखण्याचा. हा नाद एकदा गावभर झाला की लोक घरी येतात, डॉक्टरकडे यावं तसे. मिठबावचे एक बागायतदार एकदा पिशवीत काहीतरी जपून घेऊन आले. 'सर, माझ्या हापूसवर ऑर्किड इलासा. परदेशात ह्याका मागणी आसता म्हणतत.' पिशवी उघडली तर बांडगूळ! मी म्हटलं, अहो, हे झाडाचं रक्त पितंय, आधी जाऊन फांदी तोडा. ते असे नाराज झाले की पुढे दोन वर्षं बाजारात मला ओळख देईनात. एक बाई वाळलेली मुळी घेऊन आल्या, कुणा बुवाने दिलेली, साखर उतरते म्हणून. ती हळद होती. तेही सांगितलं, आणि त्यांचाही राग ओढवून घेतला. खरं सांगायचं आणि समोरच्याचा हिरमोड करायचा, हे माझं आयुष्यभराचं काम. त्यात मी स्वतःला फार हुशार समजत असे.

दुर्मिळ झाडं शोधायची तर आंबोलीला जायचं, असा आमच्यात रिवाज आहे. तिथे धो धो पाऊस, दाट जंगल, धुकं. वर्षानुवर्षं मी पोरांना घेऊन, पायावरच्या जळवा मीठ लावून काढत तिथे फिरलो. सापडलं ते सगळं आधीच कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं. किनाऱ्यावरच्या मळ्यांकडे मात्र मी कधी वाकूनही पाहिलं नाही. भातशेतीत काय असणार, तण!

आमच्या किनाऱ्याजवळ काही खोलगट मळे आहेत. तिथे गोडं पाणी खालून उपळत असतं, जमीन कधी पुरती सुकत नाही. पावसाळी भात कापून झालं की बाकीचं कोकण हात झटकून मोकळं होतं, पण या मळ्यांत दुसरं भात घेतात. कार्तिकात वाडीतली चार घरं मिळून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, माती-पेंढ्याचा बांध घालतात, अडलेलं पाणी मळ्यात वळवतात, चिखलात रेड्यांचं जोत घालतात आणि लावणी करतात. या दुसऱ्या पिकाला वायंगण म्हणतात आणि शेताच्या एकेका तुकड्याला कुणगा. आता म्हणतात की म्हणत असत, हा प्रश्नच आहे.

एका माघात मी माझ्या विद्यार्थिनीच्या लग्नाला स्कूटरवरून निघालो होतो. रस्ता मळ्याच्या कडेने जातो. एक बाई गुडघाभर चिखलात वाकून बेणणी करत होत्या, म्हणजे भातातलं तण उपटून बांधावर फेकत होत्या. बांधावर तणाचा ढीग होता आणि त्या ढिगात पांढरी बटणं दिसली.

गेंद तुम्ही पाहिला असेल. गवतासारख्या पानांचा चार बोटं उंच झुबका, त्यातून सुईसारखे दांडे, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढं पांढरं फूल. श्रावण-भाद्रपदात कातळाचे सडे पांढरे करून टाकतो. पण तो दिवाळीपर्यंत वाळून जातो. माघात गेंद? तोही समुद्राजवळच्या चिखलात? मी स्कूटर लावली आणि इस्त्रीच्या पँटीनिशी त्या ढिगापाशी उकिडवा बसलो.

'काय शोधतास? चावी पडली?' बाईंनी विचारलं.

'नाय काकी. ह्या काय आसा?'

'तां? तण आसा. दरवर्सा येता, आमी उपटून टाकतंव. म्हशीक बरा लागता.' मग माझ्या कपड्यांकडे बघून म्हणाल्या, 'तुमी लगीनघरातले मां? मगे हयसर चिखलात कित्याक बसलास?'

या यशोदाकाकी. घरात त्या आणि त्यांचा मुलगा दिगंबर. मुलगा मालवणात पर्यटकांच्या होडीवर कामाला होता, त्यामुळे शेती काकींचीच. त्या दिवशी मी लग्नपत्रिकेच्या घडीत दाबून सहा रोपं नेली आणि जेवणाची पंगत चुकवली. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नव्हता. हे वाक्य घरी वाचलं जाणार आहे, तरी राहू दे.

नवी जात म्हणजे कुणी कधी न पाहिलेली, असा लोकांचा समज असतो. छे! काकी ती लहानपणापासून उपटत होत्या, त्यांच्या सासूने उपटली, म्हशींनी खाल्ली. नवी म्हणजे कागदावर नवी. आणि ते सिद्ध करणं म्हणजे जिवाला घोर. गेंदाच्या एका बटणात शेकडो फुलं असतात, एकेक मोहरीहून बारीक. भिंगाखाली सुईने ते उलगडायचं, श्वास रोखून, कारण शिंक आली की दिवसाचं काम उडून जातं. पाकळ्यांच्या टोकाला काळा ठिपका आहे की नाही, बीच्या सालीवर केस कसे आहेत, यावर सगळा न्याय. मग आजवर छापलेल्या प्रत्येक गेंदाशी ताडून बघायचं. दोन माघ मी याच कामात घालवले. सगळ्यात मोठी भीती एकच, की ही जात कुणीतरी आधीच, कुठल्यातरी देशात, वेगळ्या नावाने नोंदवलेली निघेल.

आणि एक नियम आहे. मेलेलं झाड कागदावर चिकटवून संग्रहालयात जमा झाल्याशिवाय त्या जातीला कुणी जात म्हणत नाही. फोटो चालत नाही, वर्णन चालत नाही. मुळासकट उपटायचं, वर्तमानपत्रात दाबायचं, रोज कागद बदलून सुकवायचं. मग विष. कसर आणि वाळवी लागू नये म्हणून नमुना पाऱ्याच्या जालीम विषात बुडवून काढतात, हातमोजे घालून. कागदाच्या कोपऱ्यात एक छोटं पाकीट चिकटवायचं, त्यात गळलेली फुलं आणि बिया ठेवायच्या. त्यासुद्धा विषातून काढलेल्या. एकही किडा पुढची शंभर वर्षं शिवत नाही. या कामात माझा हात बसलेला होता. मी केलेले नमुने बघून मोठमोठी माणसं वाहवा म्हणत.

शोधनिबंध छापून यायच्या आधी शेवटी 'धोके' नावाचा एक परिच्छेद लिहावा लागतो. ही जात कशामुळे नष्ट होऊ शकते? मी पाच मिनिटांत लिहिलं: नांगरणी, गुरांची चराई, हाताने तण काढणे. तपासणाऱ्यांपैकी कुणी हटकलं नाही. कसं हटकतील? सगळे हेच लिहितात. मी दुसऱ्यांच्या शंभर निबंधांत हेच वाचलं होतं. दोन माघ ज्या वाक्यांसाठी घालवले ती सगळी बरोबर निघाली, आणि हे पाच मिनिटांचं वाक्य कसं निघालं ते पुढे येईलच.

निबंध आला तेव्हा मी पेढे घेऊन काकींकडे गेलो. त्यांनी छापील पानावरचं चित्र बराच वेळ न्याहाळलं. बोट ठेवून म्हणाल्या, 'माजा तण पुस्तकात इला! आणि नाव काय ठेवलास?'

मी सांगितलं, माझ्या गुरूंचं नाव दिलंय. त्यांनी मला हा विषय शिकवला, आता ते नाहीत.

'ते कधी हयसर इल्ले?'

'नाय.'

'बरां,' काकी म्हणाल्या आणि हसल्या. 'माज्या कुणग्यात गावला, आणि नाव त्या मास्तरांचा. असांदे. माका काय नावाचा लोणचा घालूचा आसा?'

मीही हसलो. पण परत येताना वाटेभर टोचत राहिलं. एकदा दिलेलं नाव बदलता येत नाही, हाही आमच्यात नियम आहे. काकींचं नाव द्यावं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सहा रोपं ज्यांच्या हातची, त्या बाईंचा उल्लेख निबंधात कुठे आहे माहीत आहे? आभारात. 'स्थानिक शेतकऱ्यांचे आभार.'

त्याच सुमारास मी निवृत्त झालो. रिकामा वेळ आणि नवी कीर्ती, फार वाईट जोडी. मला वाटायला लागलं की या गेंदाचा रखवालदार मीच. आसपासचे सगळे मळे मी पायाखाली घातले, आचरा ते मिठबाव आणि पलीकडेही. कुठे वायंगण बंद, कुठे माडाची बाग, कुठे भराव. गेंद फक्त काकींच्या सगळ्यात खालच्या कुणग्यात, जिथे पाणी जास्त आणि भात विरळ येतं त्या कोपऱ्यात. म्हणजे एक कोपरा, मोठ्या अंगणाएवढा. आणि दर वर्षी तिथे रेडे घुसतात, नांगर फिरतो, वर काकी खसाखस उपटून बांधावर टाकतात. माझ्या निबंधातले तिन्ही धोके एका ठिकाणी! माझी झोप उडाली.

मी काकींकडे गेलो. 'काकी, एक मागणा आसा. खालच्या कुणग्यात ह्या वर्सापासून जोत घालू नका. मी कुंपण घालतंय.'

'आणि वायंगण?'

'त्या एका कुणग्याचा सोडा.'

काकी सुपातले तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, 'नांगर लागलो नाय तर मळो मरता, मास्तरानू.'

मी हसलो. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीला चुचकारताना हसतो ना, ते हसू. ते माझं हसू मला आजही दिसतं. मी म्हटलं, 'काकी, सगळ्या जगात ह्या झाड हयसरच आसा. तुमच्या कुणग्यात.'

'जगात?'

'जगात.'

तेव्हा हात थांबला. त्या मळ्याकडे बघत राहिल्या. 'मगे रवांदे,' म्हणाल्या. 'तुमी येवडे शिकलेले. तुमका कळता.'

मी काटेरी तारेचं कुंपण घातलं, स्वतः खांब रोवले. 'दुर्मिळ वनस्पती संवर्धन क्षेत्र' असा बोर्ड रंगवून लावला. पर्यटक बोर्डाशेजारी उभे राहून फोटो काढत. गेंद कुठला ते कुणी विचारत नसे.

काकींचे कुणगे तीन. त्यातला पाण्याला सगळ्यात भरवशाचा गेल्यावर उरलेल्या दोनांसाठी रेड्यांचं जोत कोण पोसणार? त्या वर्षी रेडे विकले गेले. काकींचं जोत नाही, काकींचं माणूस नाही, म्हटल्यावर बाकीच्या तीन घरांनीही व्हाळाचा बांध सोडून दिला. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, नांगरणीचा धोका टळला. असं मी खरोखर म्हटलं.

पहिल्या माघात गेंद कमी दिसला. मी म्हटलं, पाऊस लवकर गेला. दुसऱ्या माघात लव्हाळा कमरेएवढा माजलेला, आणि गेंद शोधून काढावा लागला, हातांच्या बोटांवर मोजण्याइतका. मी म्हटलं, निसर्गात चढउतार असतातच. माणूस शिकलेला असला की त्याला सबबी शोधायला श्रम पडत नाहीत.

तिसऱ्या वर्षी कार्तिकात कुणाची तरी म्हैस कुंपण मोडून आत शिरली. मी नेमका तिथे होतो. दांडका घेऊन धावलो, ओरडलो, तिला चिखलातून हाकलत बाहेर काढलं, तिच्या मालकाला नाही नाही ते बोललो. तो बिचारा 'चुकला सर, चुकला' म्हणत राहिला. मग मी वाकून तार घट्ट बांधली. चांगली दुहेरी.

माघात गेलो. सगळ्या कुणग्यात मिळून गेंदाची सात रोपं होती. सातही कुठे? म्हशीच्या खुरांच्या खड्ड्यांत. एकेका खड्ड्यात इवलंसं पाणी, लव्हाळा तुडवला गेलेला, माती उलटलेली, आणि त्यात पांढरं बटण. जिथे खूर पडला नव्हता तिथे काही म्हणजे काही नव्हतं.

मी तिथेच चिखलात बसलो. तीस वर्षं मुलांना शिकवलं की बी उघड्यावर आल्याशिवाय, उजेड मिळाल्याशिवाय कितीतरी तणं रुजत नाहीत. परीक्षेत हा प्रश्न घातलाय मी. उत्तर न आलेल्यांचे गुण कापलेत. गेंदाचं बी चिखलात पुरलेलं होतं, आणि दर कार्तिकात काकींचा नांगर ते वर आणत होता. रेडे लव्हाळा तुडवत होते. काकी बेणून टाकत, त्या बांधावरच्या ढिगातून बी पुन्हा पाण्यात जात होतं. काकी, त्यांची सासू, तिचीही सासू, या सगळ्यांनी मिळून ती जात जगवली होती, आणि मी त्यांना निबंधात 'धोका' म्हणून छापलं होतं.

त्या सात रोपांचं काय केलं विचाराल, तर काही नाही केलं. एकाही दांड्याला हात लावला नाही. माझाच नियम, इथलं काही तोडायचं नाही. म्हटलं, पिकलं की आपोआप पडेल, पुढच्या कार्तिकात नांगर घालून घेऊ. चार बोंडं रुमालात बांधून आणली असती तर! पण नाही. झक मारली आणि नियम पाळला.

काकींकडे जाऊन मी सगळं सांगितलं. म्हटलं, 'तुमचा खरा होता. माजा चुकला. येत्या कार्तिकात नांगर घालूया.'

काकींचे गुडघे तोवर गेलेले. ओटीवर खुर्ची टाकून बसत. रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'घाला. पण जोत खंय आसा? सगळ्या वाडीत रेडो उरलो नाय. आणि पेरतलास काय? वायंगणाचा बी होता ता सासूच्या येळचा. तीन वर्सां मुडीत तसाच रवला. मी फुटवून बगलंय, एक दाणो रुजणा नाय.'

मुडी म्हणजे पेंढ्यात घट्ट बांधलेलं बियाणं. दर वर्षी पेरायचं आणि त्यातलंच पुढच्या वर्षासाठी बांधून ठेवायचं. तीन वर्षं पेरलं नाही की संपलं. ते भातही जगात फक्त त्या वाडीतच होतं की काय, कोण जाणे. त्याचं वर्णन छापायला कुणी आलं नव्हतं.

कार्तिकात दिगंबरने शेजारच्या गावातून पॉवर टिलर आणला. माणूस सज्जन आहे, मला एका शब्दाने कधी बोलला नाही. टिलर कुणग्यात उतरवला आणि तो पोटापर्यंत रुतला. दोर लावून बाहेर काढायला संध्याकाळ झाली. मग मी कुदळ घेतली. या वयात, डॉक्टरांनी वाकू नका सांगितलेलं असताना, लव्हाळ्याचे गड्डे उपटत सात दिवस खणलं. काकी बांधावर खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून सांगायच्या. 'तसां नाय, मास्तरानू. पालथी मारा. माती पालथी जावूक व्हयी.' मी पालथी मारायचो. त्या दिवसांत मला कधी कधी बरं वाटायचं. वाटायचं, यातून काहीतरी येईल.

पण पाणी टिकेना. व्हाळाचा बांध चार घरांचं काम. मी आणि दिगंबर, दोघांनी मिळून घातला तो पंधरा दिवसांत फुटला. पुन्हा घातला, पुन्हा फुटला. खालून उपळणारं पाणीही त्या वर्षी आटलं आणि पौषात कुणग्याला भेगा पडल्या. माघात मी दर दोन दिवसांनी जात होतो. त्या उकरलेल्या, वाळलेल्या मातीत रांगत, भिंग घेऊन. एकसुद्धा आला नाही. लोकांना वाटत असावं, म्हातारा काहीतरी हरवलेलं शोधतोय.

गेल्या वर्षी दिगंबरचा फोन आला. त्याने होडीवरचं काम सोडलं होतं, घराशेजारी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. म्हणाला, 'सर, खालच्या कुणग्यात माती घालून घेतंय. गाडये लावूक जागा नाय. तुमचा काय न्हेवचा आसात तर आदी येवन न्हेवा.' किती समंजसपणे विचारलं! न्यायला काय होतं? मी तरी गेलो.

डंपर लाल माती ओतत होता. बोर्ड कुणीतरी काढून बांधावर निजवून ठेवला होता. काकी खुर्चीत बसून बघत होत्या. मला वाटलं, यांना धक्का बसला असेल, काहीतरी धीराचं बोलावं. पण त्या अगदी शांत. मला बघून म्हणाल्या, 'येवा मास्तरानू. आता हयसर काय उरूचा नाय. पण तुमी बी ठेवलास मां?'

मी वाकून बोर्डावरची माती झटकू लागलो.

'त्या पुस्तकावाल्यांकडे दिलास मां, कागदार चिकटवून? तुमीच सांगलास, शंबर वर्सां टिकता म्हणान. त्येच्यातला वायच बी मागून घेवा. दुसऱ्या खंयच्या मळ्यात पेरूक येयत. माजा चुकला, मी मुडी पेरूक नाय. पण तुमी शिकलेले, तुमी ठेवला असतलास.'

म्हणून त्या शांत होत्या. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की बी सुखरूप आहे. कुठलाही शेतकरी आधी बी बाजूला काढतो, मगच खातो. मी एवढ्या लांबून, एवढी पुस्तकं घेऊन आलेला माणूस, मी बी ठेवलं नसेन हे त्यांच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर खरं सांगून लोकांचा हिरमोड केला, तो एकदा नसता केला तर काय बिघडलं असतं? पण तोंडातून तेच आलं. 'काकी, ता बी रुजूचा नाय. त्येका विख लावलेला आसा.'

'विख?'

'किडे लागू नयेत म्हणान. मीच लावलंय.'

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. डंपर मागे सरकला, माती पडली, धुरळा आमच्यापर्यंत आला. त्यांनी पदराने तोंड पुसलं. इतक्या वर्षांत मला मास्तरानूशिवाय हाक मारली नव्हती, तुमीशिवाय बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, 'बियाक विख? बियाक विख लायतत खंय, रे?'

एवढंच. मग तोंड फिरवून त्या मातीकडे बघत बसल्या. मी निघालो. त्यानंतर त्या घरी जायचं धाडस मला झालेलं नाही.

संग्रहालयात माझे नमुने सुरेख आहेत. मध्यंतरी एका तरुण संशोधकाने त्यांचा फोटो पाठवला. रंगसुद्धा उतरलेला नाही. कोपऱ्यातलं पाकीट तसंच आहे, वर माझ्या अक्षरात 'बिया' असं लिहिलेलं.

आता एवढंच सांगायचं आहे. हा अंक वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मळ्यात अजून वायंगण होत असेल, तर माघात खालच्या कोपऱ्यात, भात विरळ असेल तिथे बघा. शर्टाच्या बटणाएवढं पांढरं फूल, चार बोटं उंच, बटणाच्या पाकळ्यांना काळे ठिपके. दिसलं तर मला कळवू नका. कुणालाच कळवू नका. बोर्ड लावू नका, कुंपण घालू नका. दर वर्षी करता तसंच कार्तिकात जोत घाला, चिखल करा, आणि माघात ते उपटून बांधावर टाका.